मी तेव्हा चालू होतो

मित्रांनो, मी एक जुना वायफाय डोंगल आहे. बोटभर लांब, काळा, पाठीला वाकणारी अँटेना. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा पाहिलाही नसेल, कारण आमचं काम आता तुमच्या यंत्रांच्या पोटातच बसवून येतं. माझ्या ध्यानाला हसायचं तर हसा. मी आजवर इतकी बोलणी खाल्ली आहेत की तुमच्या हसण्याने मला काही होणार नाही. पण माझ्यावर एक आळ आहे. तो घेणारी माणसं भली होती, म्हणून तो अजून कुणी पुसलेला नाही. तेवढ्यासाठी तोंड उघडतो आहे.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. माझ्याआधी तिथे याच नावाचे, याच रंगाचे, अशाच डबीतले हजारो डोंगल निघाले होते. ते गुणी होते म्हणतात. कुठल्याही संगणकाला खोचा, निमूट कामाला लागायचे. मग मालकाला कुठूनतरी स्वस्तातली चिप मिळाली. त्याने आमच्या पोटातली चिप बदलली आणि नाव मात्र तेच ठेवलं. डबीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत एक वेगळा आकडा छापला, की झालं त्याचं कर्तव्य. पहिल्यांनी मिळवलेल्या नावावर आम्ही विकले जाऊ लागलो आणि त्या नावाला लागलेले शिव्याशापही आम्हीच खाऊ लागलो.

मला बिश्केकच्या बाजारातून विकत घेतलं ते ओसमोन आबांनी. आबा म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. नारिनच्या बाजूला, घाटापलीकडे कारा-बुलुंग नावाचं गाव आहे, तिथले ते घरातले मोठे. त्यांची वहिनी कालिचा आपा, म्हणजे कालिचाआई, हिच्यासाठी ही खरेदी होती.

आपांना ऐकू येत नव्हतं. एका हिवाळ्यात तापाने त्यांचे दोन्ही कान गेले होते. मुलगा एर्मेक रशियात, सुरगुतला बांधकामावर. तो फोन करायचा, पण बहिऱ्या माणसाला फोन काय कामाचा? मुलगी जिपारगुल शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाक करायची. लग्न मोडून माहेरी आलेली, भावापेक्षा मोठी. ती फोन कानाला लावून आईच्या तोंडासमोर हातवारे करायची, ओरडायची, "बरा आहे तो! बरा आहे!"

"बरा आहे तर तोंड का दाखवत नाही?" आपा म्हणायच्या. दर वेळी हेच.

घरात एक संगणक होता. शाळेने टाकून दिलेला, एर्मेकने जाण्याआधी दुरुस्त करून ठेवलेला. त्यात आधी चोरीची विंडोज होती आणि तिच्यात इतके व्हायरस होते की संगणक सुरू होईपर्यंत चहा उकळून गार व्हायचा. एर्मेकने ती पुसून तिच्या जागी लिनक्स ही फुकट मिळणारी यंत्रणा घातली. शेजारच्या दुकानदाराच्या छतावर इंटरनेटचं यंत्र बसलं होतं आणि तो पासवर्ड द्यायला तयार होता. भिंतीपलीकडून ते इंटरनेट या घरात आणणारा कुणीतरी हवा होता. एर्मेकने कुठेसं वाचलं, की अमुक नावाचा डोंगल लिनक्सवर डोळे झाकून चालतो. ते नाव त्याने आबांना फोनवरून पाठ करून घ्यायला लावलं. आबांनी तेच नाव बघून मला घेतलं. त्यांचं काही चुकलं नाही. मुंगीएवढी अक्षरं वाचायला त्यांना सांगितलं कुणी होतं?

घरी आल्यावर आबांनी मला मुठीत लपवलं. "आधी कोरुमदुक काढा! फुकट मुखदर्शन नाही!" नवी सून असो, वासरू असो, नाहीतर किटली असो, पहिल्यांदा बघायचं तर काहीतरी हातावर ठेवायचं, हा तिथला रिवाज. आपांनी हसत हसत त्यांच्या हातावर मूठभर कुरुत ठेवलं, सुकवलेल्या दह्याचे खारट गोळे. मग मला संगणकात खोचलं. सगळे वाकून बघू लागले.

काही झालं नाही. माझा हिरवा दिवासुद्धा लागला नाही.

"अरे, दुकानदाराने आईची शपथ घेतली होती!" आबा चिडले.

"त्याची आई विंडोज वापरत असेल," फोनवर एर्मेक म्हणाला. "एजे, तो खोचून ठेव, मी सांगतो ते लिही." एजे म्हणजे ताई.

मित्रांनो, संगणकाला माझ्याशी बोलायचं तर माझी भाषा शिकावी लागते. ती शिकवणाऱ्या पाठाला ड्रायव्हर म्हणतात. माझ्या कारखान्याने विंडोजसाठी पाठ लिहिला, लिनक्ससाठी लिहिलाच नाही. का, तर लिनक्सवाल्यांकडून धंदा होत नाही. आणि माझ्या पोटात काय आहे तेही कुणाला सांगितलं नाही, जणू तिथे सोनं पुरलं होतं. मी तिथे खोचलेला, वीज पोचलेली, कानांवर दुकानदाराच्या यंत्राची हाक येत असलेली, आणि संगणकाला मी परका. पुढ्यात ताट असून तोंड शिवलेलं, तशी माझी गत होती.

एर्मेकने हार मानली नाही. कुठल्यातरी देशातल्या कुणा अनोळखी माणसाने माझ्यासारखाच एक डोंगल विकत घेतला होता, तोही फसला होता, आणि चिडून महिनोन् महिने खपून त्याने माझी भाषा शोधून काढली होती. ती त्याने जगाला फुकट दिली. त्याचं नाव मला माहीत नाही. मला जन्म देणाऱ्यापेक्षा मी त्याचा जास्त लागतो.

पण तो पाठ इंटरनेटवर होता, आणि इंटरनेट यायचं ते माझ्यातून! शेवटी एर्मेकने तो पेनड्राइव्हवर भरला आणि सुट्टीवर घरी निघालेल्या गाववाल्याच्या हाती चॉकलेटच्या पिशवीतून धाडला. तो पोचल्यावर कळलं, की पाठ आहे पण तो संगणकात बसवायची अवजारं नाहीत. पुन्हा दुसरा गाववाला, दुसरी पिशवी.

मग रविवारच्या दुपारी भावाबहिणीचा एक खेळ सुरू झाला. तो सुरगुतहून एकेक अक्षर सांगायचा, ती एका बोटाने टंकायची. जिपारगुलला त्या भाषेचा गंध नव्हता. शाळेत थोडं जर्मन झालं होतं, तेवढ्यावर तिला अक्षरं ओळखू यायची. पडद्यावर जे उमटेल ते ती एकेक अक्षर मोठ्याने वाचायची, आणि अर्थ लावायचं काम त्याचं.

"ई... आर... आर... ओ..."

"पुरे. कळलं. चुकलंय."

"मी अजून सगळं वाचलं नाही!"

"एजे, जेवताना पहिल्याच घासाला खडा लागला, तर अख्खं ताट संपवून बघतेस का?"

"तुझ्या ताटात खडे फार. इथे येऊन जेव," ती म्हणायची.

असे किती रविवार गेले ते मोजायला मी रिकामा नव्हतो. एका रविवारी माझा दिवा लागला. जिपारगुल किंचाळली. आपांना ते ऐकू आलं नाही, पण तिचं तोंड बघून त्या चुलीपासून उठून आल्या. पडद्यावर एर्मेक होता. दाढी वाढलेली, डोक्यावर कामाची टोपी.

"वाळलास," आपा म्हणाल्या. "कोण शिजवतं तुला?"

एर्मेकने सिमेंटच्या पोत्याचा कागद फाडून त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'मीच शिजवतो.' आणि पडद्यासमोर धरलं. आपा वाचून रडल्या. मग रुमालाच्या टोकाने डोळे पुसून त्यांनी बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या फुगीर तुकड्यांची, थाळी पडद्याच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "खा."

ते माझे सुखाचे दिवस होते. दर रविवारी आपा धुतलेला रुमाल डोक्याला बांधून बसायच्या. त्या बोलायच्या, तो लिहायचा. शेवटी त्या माझ्या पाठीवर बोट फिरवायच्या, "हा काळा पोरगा माझ्या एर्मेकला घेऊन येतो." माझ्या कारखान्यात मला कुणी कधी पोरगा म्हटलं नव्हतं.

पण सुख मला फार लाभत नाही. आबांचा एक जावई शहरातून आला. संगणकावर 'नवं आलंय, घेऊ का?' अशी सूचना होती, ती त्याने मोठेपणाने होकार देऊन टाकली. संगणकाचा गाभा नवा झाला. माझा पाठ होता जुन्या गाभ्याला बांधलेला. नव्या गाभ्याला मी पुन्हा परका! दिवा गेला. आपा रविवारी रुमाल बांधून बसल्या आणि काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. पुन्हा अक्षरं, पुन्हा खडे. मला चालू केलं, तर काही आठवड्यांनी संगणकाने आपण होऊनच गाभा बदलला. मग मीही बदनाम झालो. "आज काळ्याची तब्येत कशी?" असं गावातले येताजाता विचारायचे. दुकानदार तर म्हणायचा, तुमचा डोंगल म्हणजे माझी सासू, कधी रुसेल सांगता येत नाही.

शेवटी एर्मेकने उपाय केला. गाभा कितीही वेळा बदलो, माझा पाठ त्यामागोमाग आपोआप नव्याने बांधला जाईल अशी व्यवस्था त्याने जिपारगुलकडून करून घेतली. हे नीट लक्षात ठेवा. त्यानंतर मी एकदाही बंद पडलो नाही. एकदाही नाही. पण आजारी हे नाव पडलं ते पडलं.

आणि मग तो हिवाळा आला. एका शनिवारी सकाळी गाईची धार काढून आपा आत आल्या, भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच गेल्या. अंगणात यर्ट, म्हणजे लोकरी नमद्याचा गोल तंबू, उभारला, त्यात त्यांना ठेवलं. बायका आत बसून हेल काढून रडू लागल्या, पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून उभे राहिले. लांबून नातेवाईक यायचे, म्हणून माती मंगळवारी द्यायची ठरली.

संगणकाच्या खोलीत आबा आणि गावातली चार मोठी माणसं बसली. जिपारगुल दारात उभी.

"एर्मेकला फोन करते," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" आबा म्हणाले. "एकट्या माणसाला, परमुलखात, फोनवर सांगतात का असं? आपल्यात कधी सांगितलंय? दोन माणसं जवळ पाहिजेत. धरायला, रडायला. आपल्या गावचा कुबान आहे ना तिकडेच त्युमेनला, तो सोमवारी निघतोय आगगाडीने. तो जाईल, शेजारी बसेल, हळूच सांगेल."

"पण मग माती?"

"घाट बंद आहे बर्फाने. विमानाने आला तरी घाटाखाली अडकून पडेल. तिथे एकटा रडत बसेल, ते बरं का?"

आबा दुष्ट नव्हते, मित्रांनो. त्यांचे डोळे सुजले होते. दूर असलेल्याला मरणाची बातमी एकट्याला गाठून सांगायची नाही, चार माणसांनी मिळून, त्याला आधार देत सांगायची, हा तिथला फार जुना रिवाज आहे आणि तो मायेतून आला आहे. म्हणूनच गावातल्या एकाही माणसाने एर्मेकला कळवलं नाही.

"उद्या रविवार," जिपारगुल म्हणाली. "तो आपाला बघायला बसेल. काय सांगू?"

मग आबांची नजर माझ्याकडे वळली. मी चालू होतो. माझा दिवा लागला होता.

"तो काळा बंद पडला म्हण. पडतोच तो," आबा म्हणाले. त्यांनी मला उपटलं आणि बटणांच्या डब्यात टाकलं.

रविवारी एर्मेकचा फोन आला. खोली बारकी, डबा पत्र्याचा, मला सगळं ऐकू येत होतं.

"पुन्हा?" तो म्हणाला. "पण मी तर बंदोबस्त केला होता! असं होणारच नाही. दिवा?"

"नाही लागत."

"बरं, घाबरू नकोस. आपाला सांग, एर्मेक दुरुस्त करतोय. सांगितलंस?"

"सांगितलं," जिपारगुल म्हणाली.

"काय म्हणाली?"

जिपारगुलने फोन छातीशी धरला. मग म्हणाली, "म्हणाली, वाळला असशील."

तो हसला. सोमवारी त्याने मुकादमाच्या हातापाया पडून सुट्टी घेतली. आईला भेटायला नव्हे, मला दुरुस्त करायला! दिवसभर त्याने वाचलं, लोकांना विचारलं, आणि दर थोड्या वेळाने नवा उपाय घेऊन फोन केला. जिपारगुल रिकाम्या संगणकासमोर बसून टंकण्याचं सोंग करायची आणि 'नाही झालं' म्हणायची.

"एजे, मागे कोण रडतंय?"

"ते... शेजारच्या मुलीची पाठवणी आहे. बायका गातायत." तिथे मुलीला सासरी धाडतानाही असेच रडके हेल काढतात.

"या थंडीत? घाई काय झालीय तिला?" तो पुन्हा हसला. "माझ्यातर्फे बोरसोक खा."

त्याच सोमवारी सकाळी ट्रकवाले घाट ओलांडून गावात आले होते. बर्फ काढला होता, रस्ता मोकळा होता. जिपारगुल धावत आबांकडे गेली. "घाट उघडलाय! अजून सांगितलं तर..."

"आता कसं सांगायचं? दोन दिवस खोटं बोललो ते का, म्हणून विचारेल. कुबानची गाडी वाटेत आहे. ज्याचं काम त्याला करू दे."

आणि खरं सांगतो, मला तेव्हा त्या सगळ्यांची चीड आली. रविवारी सुरगुतहून विमान होतं. शनिवारी एक शब्द कळला असता, तर सोमवारी रात्री तो अंगणात काठीवर वाकून उभा असता आणि मंगळवारी आईवर त्याच्या हातची माती पडली असती. आपल्या माणसावर मूठभर माती टाकता आली नाही, याहून मोठं शल्य त्या लोकांत नाही. ते दिवस त्याने माझ्यावर घालवले, आणि मला तर काही झालंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी पुन्हा फोन आला.

"एजे, मला कळेना. काहीतरी वेगळंच आहे. एकदा शेवटचं. तो काढ, परत खोच, मी सांगतो ते लिही, आणि जे येईल ते वाच. गाळू नकोस. आपा किती दिवस वाट बघेल?"

जिपारगुलला खोटं बोलण्याची सवय नव्हती आणि तिचा जीव आता अगदी मेटाकुटीला आला होता. तिने डबा उघडला आणि मला खोचलं. मला वाटतं, त्या अक्षरांना तिने कधी बोलणं मानलंच नव्हतं. निदान एवढं तरी भावाला खरं द्यावं, त्यातून कुणाला काय कळणार आहे, असं तिच्या मनात आलं असावं. मी तत्काळ पेटलो. दुसरं काय करणार होतो? तेच माझं काम. तिने टंकलं, पडद्यावर ओळ उमटली, आणि ती वाचू लागली.

"सी... ओ... एन... एन... ई... सी... टी... ई... डी."

"पुढे आहे अजून," ती म्हणाली. "दुकानदाराचं नाव आहे."

"पुन्हा वाच," एर्मेक म्हणाला. तिने पुन्हा वाचलं, एकेक अक्षर, न चुकता.

"एजे, त्याचा दिवा लागलाय?"

ती उठून उभी राहिली.

"तो चालू आहे. जोडला गेलाय. कधी बंद नव्हताच ना?" अंगणातले हेल आता वाढले होते. त्याने ते ऐकले असणार. त्याच गावचा मुलगा तो, घरचे असं खोटं कशासाठी बोलतात हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. "किती वाजता उचलताय?"

"दुपारी," जिपारगुल म्हणाली आणि खाली बसली.

"आज दुपारी."

"हो रे."

"मी इथे बसून ड्रायव्हर दुरुस्त करत होतो," तो म्हणाला. मग त्याचा असा आवाज आला की तिने फोन टेबलावर ठेवला, पण बंद केला नाही. ती तिथेच बसून राहिली. माझा दिवा लागलेला होता, त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही.

त्याने एकट्याने ऐकू नये म्हणून सगळा खटाटोप केला होता. त्याने एकट्यानेच ऐकलं, फोनवर, माझ्या तोंडून. कुबान संध्याकाळी पोचला.

आपांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला एर्मेक घरी आला. कबरीवर जाऊन आला, पण तिथली माती तोवर गोठून दगड झाली होती. घरात पाहुणे दाटीने बसले होते. कुणीतरी विचारलं, की पोराला आईचं शेवटचं तोंडही दिसलं नाही का. तेव्हा आबा म्हणाले, "काय सांगू, ते यंत्र ऐन वेळी दगा देऊन गेलं हो! चाललं असतं तर बघितलं असतं त्याने." आबांनी हे इतक्यांना सांगितलं होतं, की आता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. पाहुण्यांनी चुकचुकत माझ्याकडे पाहिलं. एर्मेकने खालमानेने ऐकून घेतलं. मोठ्यांना चारचौघांत खोटं पाडत नाहीत. त्याने आबांच्या वाटीत चहा ओतला आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला.

म्हणून मी तुम्हाला सांगतो आहे, मित्रांनो. आम्हा वस्तूंची काळजी घ्या, धूळ पुसा, एवढं मागायला मी आलेलो नाही. आम्ही बनवाल तर आमच्या पोटात काय आहे ते सांगा, म्हणजे कुणा अनोळखी माणसाला महिनोन् महिने खपावं लागणार नाही. आणि तुमच्या माणसाला एखादी गोष्ट सांगायची हिंमत नसेल, तर हिंमत नाही असं म्हणा. चालत्या वस्तूला बंद म्हणू नका. कारण त्या वस्तूला दुरुस्त करत कुणीतरी खरोखर बसतं, आणि त्याची आई तेवढा वेळ अंगणात असते.